शंभरात पंधरा

सेंद्रिय रसायनाच्या पहिल्याच तासाला इंग्रिड हाल्डरसन बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

"शंभरात पंधरा जणांना ए. त्यांच्यामागच्या तिसांना बी. पुढच्या चाळिसांना सी. उरलेल्यांचं काय होतं ते मी सांगायला नको. कोणाला किती मार्क पडले याला माझ्या वर्गात अर्थ नाही. कितवा नंबर आला याला आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी विषय सोडावा. मी रागावणार नाही."

बाईंची ही रीत विस्कॉन्सिनच्या त्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होती. मुलं तिला 'कर्व्ह' म्हणत, आणि म्हणताना उगाच एकदा शेजाऱ्याकडे बघून घेत.

जोलीन प्रॉब्स्ट तिसऱ्या रांगेत बसली होती. वीस वर्षांची, उंच, जरा पोक काढून चालणारी. उत्तरेकडच्या एका लहानशा गावात तिच्या आईचं केस कापायचं दुकान होतं. जोलीनला मात्र केसांत रस नव्हता. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्या पंचक्रोशीत गुरांचा डॉक्टर एकच उरला होता आणि त्याचे गुडघे गेले होते. सुट्टीत ती त्याच्यासोबत गोठे हिंडायची. अडलेली गाय सोडवताना खांद्यापर्यंत हात घालायला ती पंधराव्या वर्षीच शिकली होती. पण पशुवैद्यक कॉलेजात जागा मोजक्या, आणि सेंद्रिय रसायनात 'ए' नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत खाली पडतो, असं जो तो सांगे.

तसा हा विषय तिला जमायचा. या विषयात सगळा खेळ वाकड्या बाणांचा. इलेक्ट्रॉन कुठल्या अणूकडून कुठल्या अणूकडे सरकतात ते बाण काढून दाखवायचं. इतर मुलं बाण पाठ करायची. जोलीनला ते आपोआप दिसायचे, जसं गाय उठणार की बसणार हे तिच्या पाठीकडे बघून कळतं तसे. पहिल्या परीक्षेत वर्गाची सरासरी एक्कावन्न आली आणि तिला एकोणऐंशी पडले. ती तिसरी होती. तिने आईला फोन करून सांगितलं, आणि आईने ते दुकानात खुर्चीवर बसलेल्या बाईला सांगितलेलं तिला फोनमधून ऐकू आलं.

त्याच रविवारी दुपारी ती वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुवायला गेली. तिच्याच मजल्यावरची माय निया थाओ तिथे घड्या घालायच्या टेबलावर मांडी घालून बसली होती. समोर मशीन रिकामं, झाकण उघडं.

"काय गं, बिघडलंय का?" जोलीनने विचारलं.

"नाही. मशीन ठणठणीत आहे. मीच बिघडलेय." माय नियाने मांडीवरची उत्तरपत्रिका उलटी करून ठेवली. "चौतीस. उद्या विषय सोडतेय."

"एका परीक्षेवरून?"

"मग काय, चार वेळा आपटायचं? माझ्या आईने नवीन वर्षाच्या जेवणाला अख्ख्या गोतावळ्याला सांगून ठेवलंय, माझी मुलगी औषधं देणार म्हणून. शंभर म्हाताऱ्या, जोलीन. शंभर. प्रत्येकीने मला आपल्या गुडघ्याचं दुखणं आत्तापासूनच सांगून ठेवलंय."

जोलीनला हसू आलं. तिने कपडे मशीनमध्ये कोंबले, उत्तरपत्रिका हिसकावून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली.

"तू बाण उलटे काढतेस. सगळे. अगदी नेमाने उलटे."

"बघ, निदान नेम तरी आहे."

"अगं, ऐक. ज्याच्याकडे आहे तोच देणार ना? मग बाण नेहमी त्याच्या दारातून निघतो. आधी शोधायचं, या सगळ्यात श्रीमंत कोण. त्याच्या डोक्यावर एक घर काढ. मग बघ कंगाल कोण. बाणाचं टोक त्याच्या दारात." तिने कोपऱ्यात इवलंसं घर काढलं, दोन रेघांचं छप्पर आणि एक दार. "आता हा सोडव."

मशीन फिरून थांबेपर्यंत माय नियाने चार सोडवले होते. त्यातले तीन बरोबर होते.

"ए, माझ्याही डोक्यावर घर काढा," मागून कोणीतरी म्हणालं. तो डार्बी लिंडक्विस्ट होता, कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक. दारात मावेल की नाही असा आडवा, आणि हातात अशा वासाची थैली की दोघींनी एकदमच नाकाला हात लावला.

"आधी ती थैली मशीनमध्ये टाक," माय निया म्हणाली, "मग बोल."

"बाई म्हणतात शेजाऱ्याला मागे टाका. मी नुसता खेळून आलो की शेजारी आपोआप मागे जातो."

अशी सुरुवात झाली. पुढच्या रविवारी पाच जण होते, त्याच्या पुढच्या रविवारी बारा. दुसऱ्या वसतिगृहांतली मुलं कपडे धुवायच्या मिषाने यायची. कोणी तर धुतलेलेच कपडे पुन्हा घेऊन यायचे. कपडे वाळवायच्या यंत्रांवर मोठाले कागद चिकटवले जायचे आणि जोलीन त्यांवर घरं काढायची. यंत्रं गरम झाली की कागदांचे कोपरे सुटायचे, मग डार्बी पंजा पसरून ते धरून उभा राहायचा. माय नियाची आई दर शनिवारी गावाकडून डबा पाठवायची, चिकट भात आणि तळलेले एग रोल, आणि ती सगळी जत्रा हात पुसत पुसत रसायन शिकायची.

दुसऱ्या परीक्षेत वर्गाची सरासरी साठ झाली. माय नियाला सत्तर पडले. ती जिन्यावरच जोलीनच्या गळ्यात पडली आणि त्या झटापटीत जोलीनचा चष्मा वाकला. जोलीनला स्वतःला ब्याऐंशी होते, आधीपेक्षा जास्त. पण नंबर अकरावा होता.

तिसऱ्या परीक्षेला सरासरी आणखी वर गेली आणि ती चौदावी आली.

"तुझं म्हणजे अजब आहे," डार्बी जेवणाच्या हॉलमध्ये म्हणाला. तोंडात चीज होतं. "ज्या फांदीवर बसलीस ती कशी कापायची हे आम्हाला शिकवतेस. वर करवतीला धारही लावून देतेस."

तो हसत म्हणाला, आणि जोलीनही हसली. पण त्या दिवसापासून ते तिच्या डोक्यातून जाईना. कोणी "हां, आलं लक्षात!" म्हणालं की पूर्वी तिला बरं वाटायचं. आताही वाटायचं, पण पाठोपाठ समोरचं माणूस नंबरात कितवं असेल असा हिशेब मनात सुरू व्हायचा. तिला त्या हिशेबाची लाज वाटायची, पण म्हणून तो थांबत नव्हता.

तिने आईला फोन केला.

"मी ट्रूडीला केस कापायला शिकवलं," आई म्हणाली, "आणि तिने रस्त्यापलीकडे दुकान टाकलं. तुला आठवत नसेल, लहान होतीस."

"मग तू काय केलंस?"

"दोन वर्षं बोलले नाही तिच्याशी."

"आणि नंतर?"

"नंतर काय. दर शुक्रवारी मासे खायला एकत्र जातो. पण ती दोन वर्षं, बयो, मला खरंच राग होता. उगाच खोटं कशाला सांगू?"

यातून करायचं काय, ते जोलीनला कळलं नाही. शेवटच्या परीक्षेच्या आधीच्या रविवारी ती तळघरात गेली. पंचवीसएक मुलं जमली होती. कागद लावलेला होता, पेन तयार होतं. तिने पेन उचललं नाही.

"मी आज शिकवणार नाही," ती म्हणाली. "परीक्षेपर्यंत येणारच नाही. तब्येत बरी नाही असं सांगणार होते, पण तब्येत बरी आहे. मला भीती वाटतेय. तुम्ही पुढे गेलात की मी रेघेखाली जाते. मला हा ए हवाय."

खोलीत फक्त एका यंत्रात राहिलेलं नाणं खळखळत होतं.

मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्ही नापास व्हावं असं तुला वाटतं."

"गप रे!" माय निया त्याच्यावर उसळली. "ती काय तुझी नोकर लागलीय? इतके दिवस आली ते तुला कमी झालं का?" मग ती जोलीनकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज साधा होता. "तू जा. खरंच जा. आम्ही बसतो आमचे."

जोलीन वर आली आणि पुस्तक उघडून बसली. दोन तासांत तिने एकच पान चारदा वाचलं. मग लक्षात आलं की कपड्यांची टोपली भरून वाहतेय आणि उद्यासाठी धड एक टॉवेलही नाही. खाली जाण्यावाचून इलाज नव्हता. ती टोपली घेऊन खाली गेली, कोणाकडे न बघता मशीनपाशी पोहोचली, कपडे टाकले, साबण ओतला. कोणी तिला हाक मारली नाही. सगळे कागदावर वाकले होते आणि हळू आवाजात वाद चालला होता.

निघताना तिची नजर कागदावर गेली.

दुसऱ्याच पायरीला बाण चुकला होता. त्यावर पुढच्या पाच पायऱ्या रचल्या होत्या, सुबक, रंगीत पेनांनी, आणि पंचवीस जण ते मान खाली घालून उतरवून घेत होते. ती दारापर्यंत गेली. दाराची मूठ धरली. तिच्या मनात आलं, हे असंच राहू दे, एवढं एक राहू दे. आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी, चुकीच्या बाजूने वासरू ओढताना कोणी दिसावं तसं, तिला आतून खुपायला लागलं.

ती परत आली.

"हा बाण कोणी काढला?"

डार्बीने पंजा वर केला.

"अरे, भिकाऱ्याच्या घरून दान निघालंय! त्याच्याकडे आहे काय द्यायला? घर कुठंय? घर का नाही काढलं?"

"घर काढायचं राहिलं," डार्बी ओशाळून म्हणाला.

"आण इकडे ते पेन."

तिला स्वतःचा राग आला होता, बाईंच्या रेघेचा आला होता, आणि थोडासा डार्बीचाही. पण पेन हातात आल्यावर तो कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. तिचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच मशीनमध्ये पडून राहिले.

परीक्षा झाली. निकाल लागला. शेवटचा पेपर आधीच्यांपेक्षा चांगला गेला तर बाई त्याचेच मार्क धरत. ए-ची रेघ साडेशहाऐंशीला पडली. इतक्या वर असते हे कोणी कधी ऐकलं नव्हतं. आदल्या वर्षी बहात्तरला ए मिळाला होता. जोलीनला शहाऐंशी पॉइंट एक पडले. बी.

माय निया तिच्या दारात येऊन उभी राहिली, रडून डोळे लाल. "मला शहाऐंशी पॉइंट नऊ आहेत. ए मिळाला."

"छान झालं," जोलीन म्हणाली. तिला ते मनापासून म्हणायचं होतं.

"मी बाईंना सांगते, माझा काढून घ्या म्हणून."

"वेडी आहेस का? काढून घेतला तर काय तो चालत माझ्याकडे येणार आहे?"

"येईल. पुढचा नंबर तुझाच असेल."

"मला तो तसा नकोय, माय निया. जा तू. आईला फोन कर. म्हाताऱ्या वाट बघत असतील."

दार लावल्यावर ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. पुढचे दोन दिवस ती जेवायला उशिरा गेली, हॉल रिकामा झाल्यावर. माय नियाचा हेवा वाटतोय हे तिला कबूल होतं. आईची दोन वर्षं तिला आता कळत होती. तिसऱ्या दिवशी ती उठली, केस विंचरले आणि हाल्डरसन बाईंच्या खोलीकडे गेली.

बाई साठीच्या पुढच्या. खोलीत पुस्तकांपेक्षा झाडांच्या कुंड्या जास्त होत्या. त्या पाणी घालत होत्या.

"मार्क वाढवून मागायला आली असशील तर रांग लागलीय," त्या वळून न बघता म्हणाल्या.

"मार्क बरोबर आहेत, प्रोफेसर. मला रेघेबद्दल बोलायचंय."

बाईंनी झारी खाली ठेवली. "बस."

जोलीनने तळघराचं सगळं सांगितलं. मी शिकवलं नसतं तर मला ए मिळाला असता, हेही तिने म्हटलं. "गेल्या वर्षी बहात्तरवाल्याला ए आणि मला शहाऐंशीला बी. याला काय म्हणायचं?"

"गेल्या वर्षी पेपर अवघड असेल तर?" बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्ग ढ होता की पेपर भयंकर होता, मला कसं कळणार? मी दरवर्षी नवा पेपर काढते. कधी जमतो, कधी फसतो. माझ्या फसलेल्या पेपरची शिक्षा तुम्हाला नको, म्हणून नंबरांची रांग. अवघड पेपरला ती तुम्हालाच तारते." त्यांनी एका कुंडीतलं सुकलेलं पान खुडलं. "आणि दुसरं एक. मी शिकत होते तेव्हा आमचे एक प्राध्यापक पेपरवरचं नाव वाचायचे, चेहरा आठवायचे, मग मार्क द्यायचे. मुलींचे चेहरे त्यांना कधी आठवायचेच नाहीत. रांगेला चेहरा नसतो. म्हणून मी ती धरून राहिले."

"रांगेला चेहरा दिसत नाही हे बरंच आहे," जोलीन म्हणाली. "पण तिला वर्गही दिसत नाही. यंदा वर्ग खरंच शिकला. सगळा. ते कुठे दिसलं?"

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पेपरात मी दरवर्षी तीन प्रश्न तेच ठेवते. तो पेपर मी परत देत नाही, म्हणून कोणाला माहीत नसतं. यंदा निम्म्या वर्गाने तिन्ही सोडवले. असं कधीच झालेलं नाही. मला वाटलं, पेपर फुटला."

"काय?"

"आठवडाभर मी झोपले नाही धड. त्यात भर म्हणजे किती तरी पेपरांवर एक खूण होती. अणूंच्या डोक्यावर बारकं घर. छप्पर आणि दार. मी म्हटलं, ही टोळी आहे. अधिष्ठात्यांकडे जायच्या बेतात होते मी."

जोलीन आधी बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की आवरेना. बाईंनी तिच्यापुढे खडू धरला. "दाखव."

तिने फळ्यावर दाखवलं. श्रीमंत कोण, कंगाल कोण, घर कुठे, दार कुठे. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं हे शिकवतेय. घर कधी सुचलं नाही." आणि लगेच, "पण तुझा बी बीच राहील."

जोलीनचा हात फळ्यावरच राहिला.

"ऐक. पहिल्या परीक्षेनंतर चौदा मुलांनी विषय सोडला. या रेघेला भिऊन सोडला. त्यातल्या कित्येकांना ए नसेल, पण बी मिळाला असता. आता खेळ संपल्यावर मी रेघ खाली घेतली, तर त्यांना काय सांगू? की थांबला असता तर बरं झालं असतं? नियम मी पहिल्या दिवशी सांगितला होता. तो वाईट असेल. कदाचित आहेच. पण सगळ्यांनी तोच ऐकला होता."

माय निया त्या चौदांबरोबरची पंधरावी व्हायला किती थोडक्यात राहिली, तेवढंच जोलीनला आठवलं. तिला बाईंचं म्हणणं पटलं असं नाही. खोटं आहे असंही म्हणता येईना. तिने खडू ठेवला, आभार मानले आणि बाहेर आली. बाहेर तळ्यावर मुलं होड्या उतरवत होती. ती सरळ माय नियाच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं.

"बाईंना वाटलं आपण पेपर फोडला," ती म्हणाली.

"काय सांगतेस!"

"तुझी घरं बघून. सगळ्यात जास्त घरं तूच काढतेस."

माय नियाने आधी तोंडावर हात ठेवला, मग उशीत तोंड खुपसून हसली. एवढं बोलल्यावर दोघींमधलं अवघडलेपण बरंचसं गेलं. थोडं राहिलं, ते उन्हाळ्यात हळूहळू गेलं.

ऑगस्टमध्ये बाईंचा फोन आला. रांग बंद. आता पंच्याऐंशीच्या वर ज्याला पडतील त्या प्रत्येकाला ए, मग ते दहा असोत की शंभर. रविवारच्या वर्गासाठी बाईंनी खरीखुरी खोली मिळवली होती, फळ्यासकट. जोलीन आणि डार्बीने शिकवावं असं त्यांचं म्हणणं होतं.

"डार्बी?" जोलीन म्हणाली. "त्याला सी आहे."

"म्हणूनच. कुठे अडतं हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

ऑक्टोबरात पहिली परीक्षा झाली आणि गोंधळ उडाला. बाईंचा पेपर फसला होता. सरासरी चव्वेचाळीस. पंच्याऐंशी सोडाच, सत्तर ओलांडणारे दोघं-तिघं. बाईंच्या दाराबाहेर मुलांची ही गर्दी. जोलीन कुठल्याशा कामाने तिथे गेली तर गर्दीतून एक मुलगी तावातावाने म्हणत होती, "आधीची पद्धत काय वाईट होती? निदान रांगेत तरी कोणीतरी वर असायचं! आम्हाला कर्व्ह परत द्या!"

जोलीनने डोळे मिटून घेतले. आत बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं."

"बोल आता."

"पाचवा प्रश्न मलाही तीनदा वाचावा लागला, प्रोफेसर."

"एवढा वाईट?"

"हो."

"पाचवा काढून टाकला तर?"

"ज्या तिघांनी तो सोडवला, ते मग दारात येतील."

बाई तिच्याकडे बघून अगदी दमल्यासारखं हसल्या. मग दोघी कागद घेऊन बसल्या. पाचव्याचं ओझं सगळ्यांवरून उतरवायचं आणि ज्यांनी तो सोडवला त्यांना त्याचं श्रेय वरून द्यायचं, असं ठरलं. रेघा जिथे होत्या तिथेच ठेवायच्या, आणि पुढचा पेपर छापण्याआधी एका सहकाऱ्याकडून सोडवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात सांगितलं, "पेपर चुकला. चूक माझी." असं त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. तरी काही मुलं कुरकुरलीच, आणि त्यांच्याही म्हणण्यात काही तथ्य होतं. नाताळपर्यंत गाडी रुळावर आली. शेवटी वर्गातल्या सव्वीस टक्के मुलांना ए मिळाला. हे फार झालं असं वरच्या मजल्यावरचे काही प्राध्यापक म्हणाले. बाईंनी त्यांना ते तीन जुने प्रश्न दाखवले आणि सोडवून बघा म्हणाल्या. पुन्हा कोणी काही बोललं नाही.

जोलीनने पशुवैद्यक कॉलेजात अर्ज केला. मुलाखतीत त्या 'बी'बद्दल विचारलंच. तिने झालं ते सांगितलं, रडगाणं न गाता. एका परीक्षकाने मान डोलावली, दुसऱ्याने घड्याळ बघितलं. मार्चमध्ये कळवलं गेलं की ती प्रतीक्षा यादीत आहे. नंबर चौथा.

"पुन्हा रांग," डार्बी म्हणाला.

"आता या रांगेत तरी मी कोणाला शिकवलेलं नाही," जोलीन म्हणाली.

एप्रिल गेला. तिने गावाकडच्या डॉक्टरांना कळवून ठेवलं की कदाचित वर्षभर तुमच्याकडेच येईन, आणि त्यांनी ते इतक्या आनंदाने ऐकलं की तिलाही ते तितकंसं वाईट वाटेना. मेच्या अखेरीस तिला फोन आला. पुढचे तिघं एकेक करून दुसरीकडे गेले होते. जागा तिची होती.

माय निया तेव्हा तिच्याच खोलीत होती. तिने नेहमीप्रमाणे गळ्यात उडी मारली, आणि जोलीनने या खेपेला चष्मा आधीच काढून धरला. मग माय नियाने आईला फोन लावला. पलीकडून त्यांच्या हमोंग भाषेत बराच वेळ मोठमोठ्याने बोलणं झालं.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, ती उंच मुलगी जनावरांची डॉक्टर झाली की आमच्या कोंबड्या बघेल का. मी सांगितलं, बघेल."

संध्याकाळी जोलीन एकटीच तळ्याकाठी जाऊन बसली. तिला त्या तिघांचा विचार येत होता. त्यांना आणखी चांगली जागा मिळाली होती, की घरी काही झालं होतं, की ऐनवेळी मन बदललं होतं, हे तिला कोणी सांगणार नव्हतं. तिने विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. पाण्यावरून गार वारा आला. तिने अंगातल्या जाकिटाची बटणं लावली, आणि आईचं दुकान बंद व्हायची वेळ झाली होती म्हणून फोन लावला.